तान्ह्या बाळाची रात्र: पहिल्या तीन महिन्यांत घरातल्यांनी काय करायचं

बाळ हॉस्पिटलातून घरी आलं की पहिल्या आठवड्यात एक गोष्ट हमखास घडते. दिवसभर बघायला आलेल्यांसमोर ते गाढ झोपलेलं असतं, "किती गुणी गो बाळ!" असं कौतुक होतं, आणि रात्री अकराला घर आडवं झालं की त्याचे डोळे टक्क उघडतात. मग सल्ले सुरू. नजर लागली, दूध पुरत नाही, पोटात वारा धरलाय, गुटी द्या. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. नवजात बाळाला दिवस-रात्र कळतच नाही. आईच्या पोटात असतानाही त्याच्या लाथा रात्री, ती आडवी झाल्यावरच जास्त जाणवायच्या. बाहेर आल्यावर काही आठवडे तोच क्रम चालू राहतो. अंगातलं घड्याळ लागायला साधारण दोन ते तीन महिने जातात.

म्हणून बाळाला दुसऱ्याच आठवड्यापासून रात्रभर झोपवण्याचा तोडगा इथे मिळणार नाही. तो कोणाकडेच नाही. मात्र ते घड्याळ लवकर लागायला मदत करता येते, आणि बहुतेक घरांत नेमकं उलट केलं जातं.

आधी त्याची झोप ओळखा

तान्हं बाळ चोवीस तासांत १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. त्याच्या झोपेचं एक आवर्तन जेमतेम ५० मिनिटांचं असतं आणि त्यातली निम्मी झोप अगदी वरवरची. या वरवरच्या झोपेत बाळ काय काय करतं ते एकदा शांतपणे बसून बघाच. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ मुडपतात, चेहरा लालबुंद होतो, पाय ताणून कण्हल्यासारखा आवाज येतो, मध्येच एक हुंदका, मध्येच हसू. नव्या आईला वाटतं, उठलं. ती लगेच उचलून घेते आणि झोपलेलं बाळ खरंच जागं होतं.

तेव्हा पहिला धडा हात आवरण्याचा. कुरकुर ऐकू आली की मिनिटभर नुसतं बघा. भूक लागली असेल तर ते तोंड इकडेतिकडे वळवून शोधू लागतं, मूठ चोखतं, जीभ बाहेर काढतं. हे दिसलं की लगेच घ्या, टाहो फोडेपर्यंत थांबू नका. काहीच दिसलं नाही तर निम्म्या वेळा ते स्वतःच पुन्हा गाढ झोपेत शिरतं.

झोपायची जागा

बाळाला नेहमी पाठीवर झोपवायचं. दिवसा, रात्री, घटकाभरासाठीसुद्धा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली बाळाला पालथं झोपवू नका अशी सूचना दिली, १९९४पासून तिथे मोठी मोहीम झाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या वर्षांत निम्म्यावर आलं. पालथं झोपलेलं बाळ जास्त वेळ झोपतं हे खरं आहे. गाढ झोपेतून जागं होणं त्याला जड जातं म्हणून ते जास्त झोपतं, आणि धोका तिथेच आहे. पाठीवर ठेवलं तर उलटी घशात अडकेल ही भीती आजीला असते. निरोगी बाळाची श्वासनलिका पाठीवर असताना अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला येते, त्यामुळे उलट पाठीवरच ते सुरक्षित असतं, हे आजीला एकदा नीट समजावून सांगा.

गादी सपाट आणि घट्ट हवी, वर ताणून बसवलेली चादर, बस्स. मोहरीची उशी, दोन्ही बाजूंचे छोटे लोड, मऊ वाकळ, भेट आलेली अस्वलं यांतलं काही झोपेच्या जागी नको. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी लागते असं घरोघरी मानतात. त्यासाठी रोज डोक्याची बाजू बदला आणि बाळ जागं असताना, कोणीतरी समोर बसलेलं असताना, थोडा वेळ पालथं ठेवा. तेवढं पुरतं.

पाळणा चालेल, तळ सपाट असेल तर. साडीच्या झोळीत मात्र बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाचा मार्ग आवळला जातो. झोळी दिवसा, समोर माणूस असताना, रडं थांबवण्यापुरती. रात्रीचा मुक्काम तिच्यात नको.

बाळ आईच्या खोलीत, हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या अंथरुणावर झोपलेलं सगळ्यांत चांगलं. आपल्याकडे पुष्कळ बाळं आईच्या कुशीत झोपतात हे मला ठाऊक आहे, आणि रात्री पाजतापाजता डोळा लागतोच. तेव्हा निदान एवढं पाळा. बाळ दोन मोठ्या माणसांच्या मध्ये नको, त्याच्याजवळ पांघरूण-उशी नको, सोफ्यावर पाजत झोपणं तर अजिबात नको. विडी-सिगरेट ओढणाऱ्याने किंवा झोपेची गोळी घेतलेल्याने त्या बिछान्यावर येऊ नये. घरात सण असेल, बाबांचे फेणीचे दोन पेले झाले असतील, तर त्या रात्री त्यांचं अंथरूण सोप्यावर, म्हणजे ओसरीवर. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर कुशीत झोपवणं पूर्ण टाळायचं.

गोव्याची हवा

थंडी बाजेल या धास्तीने आपण बाळाला टोपरं, मोजे, झबलं, वर दुपटं, वर शाल असं गुंडाळतो. बाहेर एप्रिलचा उकाडा. घामेजलेलं बाळ किरकिरतं, आणि जास्त ऊब झोपेत धोक्याचीही असते. किती कपडे घालायचे? आपण जितके घालतो त्यापेक्षा फार तर एक पदर जास्त. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, मानेमागे बोटं लावून बघा. तिथे ओलसर गरम लागलं तर एक पदर काढा. घरात झोपताना टोपरं नको. छताचा पंखा चालू असलेला बरा, फक्त टेबलफॅनचा झोत थेट अंगावर नको. एसी असेल तर २५-२६वर ठेवून झोत दुसरीकडे वळवा.

जून लागला की वेगळाच ताप. लंगोट सुकत नाहीत, भिंतींना बुरशी धरते. अर्धवट ओलं दुपटं अंगाखाली गेलं की बाळ दर तासाला उठतं, आणि घरात कोणाच्या लक्षात येत नाही की दोष पोटाचा नाही, दुपट्याचा आहे. शेवटी इस्त्री फिरवून कोरडं करायचं. डासांसाठी घट्ट बसणारी मच्छरदाणी, बाळासाठी छत्रीसारखी मिळते ती उत्तम. अगरबत्तीसारखी जळणारी कॉइल त्या खोलीत नको. धुरीचंही तेच. ओवा, लसणीची सालं, वेखंड निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी द्यायची पद्धत अजून टिकून आहे. वास आपल्याला आवडतो, पण तो धूर इवल्याशा फुप्फुसांत जातो आणि नाक चोंदलेलं बाळ रात्री धड पिऊही शकत नाही. कापराची पुरचुंडी पाळण्याला बांधणं, कापूर घातलेलं तेल छातीला चोळणं हे तर बंदच करा. कापूर तान्ह्या बाळाला विषारी ठरू शकतो, त्याने झटके येतात.

दिवस उजेडात जाऊ द्या

माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक इथे पडतो, आणि सगळ्यांत कमी लक्षही इथेच दिलं जातं. आपल्याकडची बाळंतिणीची खोली आठवा. बहुधा घराच्या आतल्या अंगाची, खिडकी वाऱ्याच्या भीतीने बंद, पडदा ओढलेला, दुपारीही दिवा लावावा लागेल असा काळोख. बारशापर्यंत आई-बाळ त्याच खोलीत. आणि रात्री बाळ उठलं की मोठा दिवा, चार माणसं गोळा, "अरे माझ्या राजा" म्हणत कोडकौतुक. दिवसा काळोख आणि शांतता, रात्री उजेड आणि गप्पा. बाळाने दिवस-रात्र ओळखायची कशावरून?

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू आला की खिडकी उघडायची, असं ठरवून टाका. झोपलं असलं तरी उजेड येऊ द्या. दूध पाजून झालं की थोडा वेळ सोप्यावर किंवा गॅलरीत घेऊन बसा. कडक उन्हात धरायची गरज नाही, सावलीतला उजेड पुरतो. ड जीवनसत्त्वासाठी डॉक्टर रोजचे ४०० युनिटांचे थेंब लिहून देतात, ते उन्हावर सोपवू नका. दिवसा मिक्सर चालू दे, कुकरची शिटी होऊ दे, शेजारीण मोठ्याने बोलू दे. बाळ झोपलंय म्हणून घराने चवड्यांवर चालायचं नाही.

दिवसा पोट भरलं तर रात्रीची मागणी हळूहळू कमी होते. पहिल्या आठवड्यांत चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. पहिल्या दिवशी पोटात जेमतेम चमचाभर दूध मावतं, त्यामुळे सारखी भूक लागणं म्हणजे दूध कमी असणं नव्हे. दिवसा तीन तासांपेक्षा जास्त वेळ सलग झोपलं तर हलकेच उठवून पाजा. जन्मानंतर उतरलेलं वजन भरून यायला १० ते १४ दिवस लागतात, तोवर रात्रीही फार लांब अंतर पडू देऊ नका. वजन वाढतंय असं डॉक्टरांनी सांगितलं की रात्री मुद्दाम उठवायची गरज नाही.

एक उलटा उपाय मात्र करू नका. रात्री झोपावं म्हणून दिवसा जागं ठेवणं. या वयात बाळाला तासाभराच्या आसपासच जागरण झेपतं. त्यापुढे ताणलं की ते इतकं दमतं की झोपच येत नाही, नुसतं रडतं.

न्हाऊ घालायला येणारी बाई बहुधा सकाळी येते, आणि मालीश-आंघोळीनंतर बाळ दोन-तीन तास ढाराढूर झोपतं. झोपू दे. खोबरेल तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही. नाकात, कानात तेल घालणं, नाकात फुंकर मारणं, बाळाची छाती दाबून "दूध काढणं", कढत पाण्याचे तांबे ओतणं हे मात्र बाईला स्पष्ट नको म्हणा. ती रागावेल, दुसऱ्या दिवशी येईल.

तिन्हीसांजा

दिवेलागणीला सुरू होणारं रडं जवळपास प्रत्येक घरात येतं. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून ते वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. याच वेळेला बाळ दर अर्ध्या-पाऊण तासाने प्यायला मागतं. दूध आटलंय असा निष्कर्ष काढून वरच्या दुधाचा डबा आणायची घाई इथेच होते. त्याआधी लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा वेळा तरी लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय.

रडणाऱ्या बाळाला छातीशी धरून मंद उजेडात चालत राहणं, कानाजवळ एकसुरी "श्श्श", पाठीवर हलका ठोका, आणि एकाच माणसाच्या हातात राहू देणं. दहा मिनिटांत सहा हात बदलले तर ते आणखी बिथरतं. दृष्ट काढायची तर खुशाल काढा, मीठ-मोहरीने बाळाचं काही बिघडत नाही. फक्त मिरच्या अंगणातल्या निखाऱ्यांवर टाका, बाळाच्या खोलीत नको. बघायला येणाऱ्यांना संध्याकाळी सातच्या आत निरोप द्यावा. आपल्याकडे हे सांगणं जड जातं, म्हणून ते काम घरातल्या वडीलधाऱ्यांकडे द्या.

काही केल्या थांबत नाही आणि तुमचाच संताप अनावर होतोय असं वाटलं, तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवून पाच मिनिटं अंगणात जाऊन या. रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रडण्याने होत नाही.

आणि हो, जत्रेचा लाउडस्पीकर, नरकासुराची रात्र. दिवाळीच्या आदल्या रात्री पहाटेपर्यंत वाड्यावर जो दणदणाट चालतो, त्यावर कुठलाच उपाय लागू पडत नाही. जमलं तर त्या रात्रीपुरतं बाळ-बाळंतिणीला लांबच्या नातेवाइकाकडे हलवा, नाहीतर रस्त्यापासून सगळ्यांत आतली खोली गाठा.

रात्रीचा क्रम

रात्र कंटाळवाणी हवी. निजण्याआधीच आईच्या हाताशी पाण्याची बाटली, दोन लंगोट, एक जुनं मऊ फडकं आणि मंद पिवळा दिवा ठेवून द्या, म्हणजे कपाट उघडण्यासाठी मोठा दिवा लागत नाही. बाळ उठलं की एका बाजूने पाजा, मग लंगोट ओला-घाण असेल तर बदला, मग दुसऱ्या बाजूने. शेवटी बदलायला गेलं की पेंगुळलेलं बाळ पुन्हा टक्क जागं होतं, म्हणून मध्येच उरकायचं. ढेकर काढा, पाठीवर ठेवा. बोलायचं नाही, खेळवायचं नाही, मोबाइल उघडायचा नाही. रात्रीच्या आईच्या दुधात झोप आणणारं मेलॅटोनिन असतं आणि बाळाचं स्वतःचं अजून तयार होत नसतं, त्यामुळे ही रात्रीची पाजणी घड्याळालाच मदत करते.

आता जायफळ. फोंड्याकडच्या कुळागरांत जायफळाची झाडं आहेत, त्यामुळे घरात जायफळ असतंच, आणि "सहाणेवर दोन वळसे उगाळून चाटव, छान झोपतं" हा सल्ला कुणीतरी देतंच. बाळ झोपतं हे खरं. जायफळाची गुंगी येते आणि तान्ह्या बाळात तिचं प्रमाण कोणाला सांभाळता येत नाही. गुंगीत बाळ पिणं चुकवतं, श्वासही मंदावू शकतो. सर्दीची औषधं झोपेसाठी देणंही त्यातलंच. मध वर्षाच्या आत नको, त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. ग्राइप वॉटर, गुटी, साखरपाणी काही नको, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, साधं पाणीही नाही. बाटलीत नाचण्याचं तीजाण मिसळलं की पोट जड होऊन रात्र निघते, असंही सांगणारे भेटतील. तीजाण उत्तम, सहा महिन्यांनंतर.

आईची झोप कोण सांभाळणार

रात्री उठणं एकट्या आईचं काम आहे असं धरून चाललं की महिन्याभरात ती कोलमडते. पाजणं तिच्याकडे, बाकी सगळं वाटता येतं. ढेकर, लंगोट, छातीशी धरून झोपवणं हे बाबांनाही जमतं, नवशिके असले तरी. आईला दिवसाकाठी निदान एक चार तासांचा सलग तुकडा मिळालाच पाहिजे. रात्री नऊला ती पाजून झोपली आणि एकपर्यंत बाळ दुसऱ्याने सांभाळलं, मध्ये फक्त पाजायला आणून दिलं, तरी फार फरक पडतो. दुपारी एक ते चार अख्खा गोवा दुकान बंद करून पडतो, तेव्हा बाळंतिणीने नारळ खवत बसू नये.

झोप मिळूनही ती उदास असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, कारण नसताना रडू येत असेल आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर "बाळंतपणात होतं असं" म्हणून सोडू नका. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा गोव्यातल्या मातांवरचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या २३ टक्के जणींना नैराश्य आढळलं. मुलगा हवा असताना मुलगी झाली, नवऱ्याकडून मारहाण होते, पैशांची ओढाताण आहे, अशा घरांत ते जास्त होतं. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, आणि बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. बाळाच्या डॉक्टरांजवळ बोललं तरी सुरुवात होते.

सहा आठवड्यांनंतर

बाळ बघून हसायला लागलं की ठरावीक क्रम सुरू करायची वेळ आली. कोमट पाण्याने अंग पुसणं, दूध, एकच अंगाई, मंद दिवा, रोज त्याच सुमारास. पूर्ण झोपण्याआधी, डोळे मिटायला आले असताना खाली ठेवून बघा. रडलं तर उचला, उद्या पुन्हा. तीन महिन्यांपर्यंत पुष्कळ बाळं रात्रीचा पहिला तुकडा चार-पाच तासांचा घेतात, काही घेत नाहीत. शेजारच्या बाळाशी तुलना नको, त्यांचे आईबाबाही खरं सांगत असतीलच असं नाही.

दुपट्यात गुंडाळत असाल तर कमरेखाली सैल ठेवा, पाय बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत. कुशीवर वळायचा प्रयत्न दिसला की त्या दिवसापासून गुंडाळणं बंद. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींनंतर एक-दोन रात्री किरकिरीच्या जातात, तापाच्या औषधाचा डोस लस देतानाच विचारून घ्या.

डॉक्टरांकडे कधी

तीन महिन्यांच्या आत ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हे रात्रीच जायचं कारण आहे, सकाळची वाट बघू नका. पिणं सोडलं, उठवूनही उठत नाही, मिनिटाला ६०हून जास्त श्वास, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा, ओठ निळे, झटके, अंग लुळं पडणं, कावीळ तळहात-तळपायांपर्यंत उतरणं, हिरवी उलटी, यांतलं काही दिसलं तरीही तसंच. "एकदम शांत झालंय, फार झोपतं" अशी कावीळ झालेली बाळं कौतुकात राहून जातात, म्हणून ती खास लक्षात ठेवा. १०८ला फोन करा. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ), म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं यांपैकी तुमच्या घरापासून रात्री कुठे लवकर पोचता येतं ते आधीच ठरवून ठेवा, आणि डिस्चार्जचा कागद, वजनाच्या नोंदी, लसीकरणाचं कार्ड एका पिशवीत घालून दाराजवळ टांगा.